तळ्याकाठचा डाग

आमच्या शेजारच्या जर्मन चित्रकाराइतका रिकामटेकडा दिसणारा आणि तरी दिवसभर राबणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. अमेरिकेत ईडन प्रेरीला मुलाकडे राहायला आले, त्या पहिल्याच सकाळी हा घरामागच्या तळ्याकडे एक डोळा मिटून बघत उभा. मी जेवून आले तरी तिथेच. तळं तेच, झाडं तीच, पण याला रोज नवी दिसायची. फोटोवरून चित्र काढणं त्याला शिळ्या अन्नासारखं वाटे. थंडीत रंग घट्ट झाले की ट्यूबा काखेत धरून ऊब द्यायचा आणि लोकांशी हात मिळवतानाही काख उघडायचा नाही. माझी नात मला आजी म्हणते हे ऐकून तोही म्हणायला लागला. माझ्याहून चारच वर्षांनी लहान घोडा! "मी कुठली रे तुझी आजी?" असं मराठीत खडसावलं की मान डोलावून म्हणायचा, "येस, आजी."

त्याच्या जुन्या प्रत्येक चित्रात पाण्याकाठी एक पाठमोरी बाई असायची, निळ्या कोटातली. ती त्याची बायको. ती वारली आणि पुढे तीन वर्षं त्याचं एकही चित्र पुरं झालं नाही. गॅरेजभर नुसती तळी. माणसाशिवाय चित्र पुरं नाही म्हणायचा, आणि तिच्या जागी दुसरं कोणी काढायला त्याचा हात धजेना. पुढची थंडी पडायच्या आत घर विकून तो जर्मनीला बहिणीकडे जाणार होता. त्याआधी या तळ्याचं एक तरी चित्र पुरं व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. "मग काढ की एखादं बदक," मी म्हटलं. नातीने ते इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही.

एकदा चांगलं ऊन पडलं म्हणून त्याने ओलं चित्र आमच्या मागच्या लाकडी ओट्यावर, डेकवर, आणून ठेवलं. शेजारी माझ्या साबुदाण्याच्या पापड्या वाळत होत्या. किडे बसायला लागले, तशी मी पापड्यांवर जुन्या लाल लुगड्याचा धडपा टाकला आणि दुसरा त्याच्या चित्रावर. संध्याकाळी ओढून काढला, तर पाण्याकाठचा रंग कापडाबरोबर निघून आला. चित्रात बोटभर उभा डाग, आणि त्यात लुगड्याचे दोन लाल धागे चिकटलेले.

"आजी, यू रुइन्ड इट!" नात ओरडली. तो आला, वाकला, एक डोळा मिटला.

"शिव्या घालायच्या तर घाल बाबा एकदाच्या," मी म्हटलं.

तो हळूच म्हणाला, "आजी, समवन इज स्टँडिंग देअर."

मग सहा दिवस रोज सकाळी त्याने मला काठी घेऊन काठावर उभं केलं. जरा मागे वळले की ओरडायचा. चित्र पुरं झालं. पाठ माझी फार रुंद काढली, तसं तोंडावर सांगितलं, तर म्हणाला, "बट ट्रू." लुगड्याचे धागे त्याने तसेच राहू दिले.

चित्र घेऊन तो गेला. त्या घरात आता दुसरे लोक आहेत, त्यांच्या खिडक्यांना दिवसभर पडदे. मी फिरायला जाते तेव्हा त्या जागी पाय थांबतात. मागे मात्र बघत नाही. वळलं की ओरडायचा.