जर्मन पुस्तकानं धरलेली जागा

सांगू का नको, असं चाललंय माझं. पण चहा सांगितलाच आहे, तर ऐका. हेव्यापायी माणूस किती बावळट होतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल तर मी शिकवतो. मी त्यातला तज्ज्ञ.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मी शेळगावचा, बारामतीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. विषय तत्त्वज्ञान. का घेतला? त्या वर्गात पोरं कमी, म्हणजे पहिला नंबर सोपा! आम्ही सातच जण होतो. आणि त्या सातांत नेमका शहाजी निघाला.

शहाजी भिगवणचा. वडिलांचं हायवेला मासे-भाकरीचं छोटं हॉटेल, हा गल्ल्यावर बसून वाचत असायचा. वर्गात फारसं बोलायचा नाही, पण बोलला की सर हातातला खडू खाली ठेवून ऐकायचे. माझ्यासाठी सरांनी कधी खडू ठेवला नाही. मी तोंड उघडलं की ते फळा पुसायला घ्यायचे. काय जळायचो हो मी! जेवताना आठवलं तरी घास उतरायचा नाही.

त्यात सरांनी जाहीर केलं की, पुण्याच्या चर्चासत्राला ते एकाच विद्यार्थ्याला बरोबर नेणार. महिनाअखेरच्या शनिवारी अभ्यासमंडळात ज्याचा निबंध चांगला होईल, तो जाणार. विषय होता एका जर्मन तत्त्ववेत्त्याचा जाडजूड ग्रंथ, इंग्रजी भाषांतरातला. आमच्या लायब्ररीत त्याची प्रत एकच.

तास संपला आणि मी पळत सुटलो. शहाजी दमानं चालत लायब्ररीत पोहोचला, तेव्हा पुस्तक माझ्या काखेत होतं.

वाचायला घेतलं होतं का? आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्यानं वाचू नये म्हणून घेतलं होतं.

वाचायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण वाक्य पानाच्या डोक्याला सुरू व्हायचं आणि तळाला गेलं तरी थांबायचं नाव घ्यायचं नाही. कर्ता सापडला की क्रियापद गायब. चार-चार शब्द आडव्या रेघांनी जोडून एक शब्द केलेला, ट्रॅक्टरमागं उसाच्या ट्रॉल्या जोडतात तसा. डिक्शनरीत शब्द सापडायचे, अर्थ कुठंच नाही. एकदा वडिलांनी विचारलं, काय लिवलंय एवढं? म्हटलं, आबा, माणूस असतो म्हणजे नेमकं काय, ते लिवलंय. आबा पुस्तकाच्या जाडीकडं बघत राहिले आणि बैलांना वैरण टाकायला निघून गेले.

तीन आठवडे झाले, मी अकराव्या पानावर. शहाजीनं एकदा हळूच विचारलं, झालं असंल तर दोन दिस देतो का? मी म्हटलं, "दुसऱ्यांदा वाचतोय." त्याचा चेहरा उतरला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

आता स्टँडवर या माझ्याबरोबर. निबंधाचा शनिवार चार दिवसांवर. संध्याकाळची गर्दी तुम्हाला माहीतच आहे. एसटी लागली की आधी खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, जे हातात असेल ते सीटवर टाकायचं. टाकलं की जागा आपली. मग गाडीत कितीही चेंगराचेंगरी होवो, त्या रुमालाला कुणी हात लावणार नाही. असा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण इतका पाळलेला कायदा मी दुसरा पाहिला नाही.

शेळगाववरून जाणारी माझी इंदापूरची गाडी आणि शहाजीची भिगवणची गाडी शेजारी शेजारी लागलेल्या. मी मधल्या बोळात. समोर दहा पावलांवर शहाजी. मग काय, पुस्तक छातीशी धरलं, नाव त्याला दिसेल असं. ज्याच्यासाठी तू तळमळतोस, त्यानं मी एसटीत जागा धरतो, बघ! असा तोरा. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, खिडकीकडं न बघताच, मी ते आत टाकलं.

रेटारेटी करत गाडीत शिरलो, तर माझ्या जागेवर एक फेटेवाले तात्या बसलेले. म्हटलं, तात्या उठा, मी पुस्तक टाकलं होतं. ते म्हणाले, हितं कायबी नव्हतं. मला वाटलं, म्हातारा दडपतोय. उठवलं त्यांना! सीटखाली वाकलो, त्यांची पिशवी उचकली, मेथीच्या जुड्या बाजूला केल्या. अख्खी गाडी माझं पुस्तक हुडकायला लागली. एक बाई तर लेकराला उचलून त्याच्याखाली बघत होती.

तात्या शांतपणे उभे होते. म्हणाले, "लेकरा, ह्याच गाडीत टाकलं हुतंस का?"

मी खिडकीबाहेर बघितलं. भिगवणची गाडी वळत होती. खिडकीत शहाजी बसलेला. मांडीवर माझं पुस्तक.

मग मी पळालो. स्टँडच्या फाटकापर्यंत गाडीमागं ओरडत पळालो. परत येतोय तर इंदापूरची गाडीही गेलेली.

शहाजी तीन दिवस कॉलेजला फिरकलाच नाही. शनिवारी उगवला. आधी मी बोललो. अकरा पानांवर जेवढं बोलता येतं, तेवढं बोललो. सरांनी दोनदा फळा पुसला, त्यावर काही लिहिलेलं नसताना. मग शहाजी उठला, आणि सरांनी खडू खाली ठेवला. पुण्याला कोण जाणार ते तिथंच ठरलं.

शेवटी शहाजी म्हणाला की, त्याला एकाचे आभार मानायचेत. "त्या दिवशी गाडीत उभं राहायला जागा नव्हती, पण एका सीटवर हे पुस्तक होतं. कुणी त्यावर बसेना. पुस्तक याचं. यानं माझ्याकडं बघून ते टाकलं. पुस्तक तर दिलंच, वर जागासुद्धा धरून दिली."

सगळे माझ्याकडं वळले. सर म्हणाले, याला म्हणतात मोठं मन. टाळ्या पडल्या हो! आणि मी काय करावं? नजर खाली घालून म्हणालो, "ज्ञान एकट्यानं धरून ठेवायचं नसतं, सर." परत टाळ्या.

जिन्यात शहाजीला गाठलं. विचारलं, तुला खरंच वाटलं मी तुझ्यासाठी टाकलं?

"न्हाय," तो म्हणाला. "गाडीमागं पळत हुतास, ते दिसलं की मला. शिव्याबी ऐकल्या."

"मग गाडी का न्हाय थांबवली?"

"पुस्तक पायजे हुतं रं. त्ये न विचारता घेतलं, म्हणून तुझं नाव तेवढं चांगलं केलं."

एवढं बोलून तो गेला खाली.

आता इतकी वर्षं झाली, मला शहाजीचा हेवा वाटत नाही. टाळ्या ज्याला पडल्या, त्या मोठ्या मनाच्या शेळगावकराचा वाटतो.