पूनमसिंगची हाक

घाटंजीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की जो बंजाऱ्यांचा तांडा लागतो, तिथली बबिता पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली, तेव्हा अख्ख्या तांड्यानं तोंडात बोट घातलं. पोरं ज्या खेळापायी आयांच्या शिव्या खातात, त्याच खेळाचा पगार मिळतो, हे कोणाच्या पचनी पडेना. तिची आई जमनाबाई कितीतरी दिवस लोकांना 'कॉम्प्युटरचं काम हाय' एवढंच सांगायची. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायची लाज वाटत होती.

बबिताचं काम जनावरांना चालवायचं होतं, म्हणजे पडद्यावरच्या. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून मुलूखभर हिंडणाऱ्या तांड्याचा एक मोठा गेम कंपनी बनवत होती. कल्पना मालकाची, नयन सरांची. त्यांनी ती पहिल्यांदा सांगितली तेव्हा बबिताचे डोळे भरून आले होते. तिच्या पणजोबांनी हेच तर केलं होतं.

गेममध्ये रानात बैल पांगतात. खेळणाऱ्यानं बटण दाबलं की तांड्यातला माणूस हाक मारतो आणि ते परत येतात. ही हाक काही जमेना. आवाजाचं काम बघणाऱ्या रजतनं दोन नट आणून पाहिले. एकाची हाक रिक्षावाल्याला मारल्यासारखी होती, दुसऱ्याची नाटकातली. शेवटी बबिता म्हणाली, "माझे बा मारतात तशी पाहिजे."

रजत माइक घेऊन तांड्यावर आला. बबिताचा बाप पूनमसिंग म्हणजे भारी गडी. तोंडात अष्टौप्रहर सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि खर्रा नसला की शिव्या. आवाज भरायचा आहे, फोटो नाही, असं शंभरदा सांगूनही त्यानं नवं धोतर नेसलं, पागोटं बांधलं. खर्रा थुंकला, चूळ भरली आणि नाल्याकडे तोंड करून हाक मारली. खालून सुरू झालेली ती हाक चढत गेली आणि शेवटी इतकी लांबली की रजत स्वतःचाच श्वास धरून उभा राहिला. नाल्यापल्याड चरणारा भुऱ्या बैल शेपटी वर करून धावत आला. सगळा तांडा हसला.

"ऐकता का, काका?" रजतनं विचारलं.

"आत्ता नाई," पूनमसिंग म्हणाला. "नवं धान भोग लावल्याबिगर आपण तोंडात घालतो काय? तुमचा गेम निघू द्या. आधी सेवालाल महाराजांपुढं भोग लावू, मंग साऱ्या तांड्यानं आयकाचं."

त्या बोलण्यात काही चूक आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

पुढच्याच वर्षी पूनमसिंगचा घसा बसला. बसला तो उठलाच नाही. नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला श्वासापुरतं एक भोक राहिलं, त्याच्यावर तो पांढरा कपडा बांधायचा. ज्या माणसाच्या शिव्या शेजारच्या तांड्यापर्यंत जायच्या, तो आता बोटांनी पाणी मागायचा. बैल बोलवायला टाळी वाजवायचा. बबिता पुण्याला परतली आणि पहिलं काय केलं, तर गेम उघडून ते बटण दाबलं. पडद्यावर बैल परत आले. तिनं पुन्हा दाबलं. दिवसभर तिनं दुसरं काही केलं नाही.

पगार थांबला तो त्यानंतर, आणि तोही एकदम नाही. आधी उशिरा आला, मग अर्धा आला, मग पगाराऐवजी मीटिंग आली. "आपण एक कुटुंब आहोत," नयन सर म्हणाले. कुटुंबात कोणी पगार देत नाही, हे तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. बरं, माणूस लबाडही नव्हता. गाडी विकून स्कूटरवर यायला लागला, चेहरा उतरला. चोर असता तर चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. 'पुढच्या महिन्यात नक्की' असं तो म्हणायचा आणि त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास असायचा, ही खरी पंचाईत होती.

माणसं गळत गेली. रानाची चित्रं काढणारी दिपाली घराचे हप्ते थकले म्हणून दुसरीकडे लागली. रजत भांडून गेला. जाताना कंपनीचा लॅपटॉप आणि सगळ्या आवाजांची डिस्क टेबलावर आपटून गेला, "यांचं काडीभर नको मला!" बबितानं खोली सोडली आणि तांड्यावर येऊन काम करू लागली. सकाळी लोकांच्या वावरात कापूस वेचायची, त्याची मजुरी संध्याकाळी हातात पडायची. दुपारनंतर कंपनीचं काम करायची, त्याचं काहीच पडत नव्हतं.

"फुकटात कायले राबून राह्यली तू?" भाऊ बादल चिडायचा. "सारे पळाले. तूच येडी काहून राह्यली?"

ती काम चालूच ठेवायची. गेम निघाला की बांचा आवाज जगात राहील, एवढंच तिच्या मनात होतं. काम सगळं कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे पुण्याच्याही बाहेर कुठेतरी भाड्यानं घेतलेल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. तिथलं काही घरी उतरवून घ्यायचं नाही, यावर तिची सही होती. हाक उतरवून घ्यावी असं मनात आलं नाही असं नाही. पण पगार बुडवणाऱ्यांशीही ती इमान राखून होती.

एकदा जमनाबाई जवळ येऊन बसली. "बबिता, लाव ना वं एकडाव. हळूच आयकतो मी."

गेम समोर उघडाच होता. बबिताचं बोट बटणावर गेलं. तेवढ्यात पूनमसिंग दारात आला. त्याला कळलं. त्यानं हात हलवून नाही म्हटलं आणि सेवालाल महाराजांच्या पांढरा झेंडा लावलेल्या ओट्याकडे बोट दाखवलं. आधी भोग. आवाज गेला होता, पण घरात शब्द अजून त्याचाच चालायचा. बबितानं गेम बंद केला.

"थोडं थांब, याडी," ती आईला म्हणाली. "पुढच्या महिन्यात निघतोच आहे."

नयन सरांचं वाक्य आपल्या तोंडून निघालं, हे तिला फार नंतर कळलं.

मग एका सकाळी काही उघडेचना. तिनं पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकला. शेवटी सरांना फोन लावला.

"सर्व्हरचं भाडं थकलं होतं," ते म्हणाले. "त्यांनी मुदत दिली होती, बबिता. मला वाटलं, आज पैसे येतील, उद्या येतील. सगळं पुसलं त्यांनी."

"आणि रजतची डिस्क?"

"ऑफिसचं सामान विकलं ना, त्यात गेली. कोरी करून." मग ते म्हणाले, "तुझा पगार मी देईन. शपथ घेतो."

"सर, ती हाक. माझ्या बांची."

ती हाक कोणाची, हे ते विसरले होते. आठवलं तेव्हा तो मोठा माणूस फोनवर लहान पोरासारखा रडायला लागला. बबिताला त्याची कीवही आली नाही आणि रागही आला नाही. पगार तिला हवा होता, का नको असेल? पण त्या क्षणी जगातले सगळे पगार कोणी पुढ्यात ओतले असते तरी तिनं पाहिले नसते.

संध्याकाळी नाल्यावर तिनं आई-बापाला सांगितलं. जमनाबाई खाली बसली. "शिव्या द्याचा तवा मी कानावर हात ठेवत होती," ती म्हणाली. "एवढा आवाज होता, अन् कान झाकले मी."

पूनमसिंग ओट्यावरच्या झेंड्याकडे पाहत राहिला. मग त्यानं लेकीकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. बापानं असे हात जोडलेले बबिताला सोसवेनात. ती उठली, नाल्याकडे तोंड केलं आणि त्याच्यासारखी हाक मारली. खालून सुरू केली, चढवली, छाती फुटेस्तोवर लांबवली.

पल्याड भुऱ्या चरत होता. त्यानं मानही वर केली नाही.

पूनमसिंगनं दोनदा टाळी वाजवली. भुऱ्या वळला आणि नाला उतरून शांतपणे घराकडे चालू लागला.

"असाच होता ना वं आवाज?" जमनाबाईनं हळूच विचारलं.

"नाही, याडी. शेवटी अजून लांब होता."

"हो," जमनाबाई म्हणाली. "लई लांब होता."