गिरिजाचा घासलेला राजा

दिवाळीची चांदी घासून झाली तेव्हा सुलेखाबाईंना वाटलं, आज सून खूश होणार. अमरावतीहून परदेशात, नावनला, त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. निरांजनं, ताम्हन, अत्तरदाणी, सगळं टूथपावडरीनं लखलखीत. वरच्या कपाटात एका डबीत काळंकुट्ट नाणं सापडलं. तेही घासलं.

संध्याकाळी गिरिजा चेरीवूडच्या ऑफिसातून आली, डबी उघडली आणि नाणं उलटसुलट करून पाहत राहिली.

"काऊन वं, काय झालं?"

"आई, हे घासलंत?"

"किती काळं होतं! नाण्यावरल्या पोट्ट्याचा चेहराच दिसत नव्हता."

"तो काळेपणा दोन हजार वर्षांचा होता हो. नाणेवाले त्यालाच जपतात."

सुलेखाबाईंनी टूथपावडरीचा डबा मागं सरकवला. उद्या ॲथलोन गावच्या नाणेमंडळात सुनेचं पहिलं भाषण, याच नाण्यावर. दिवसभर सॉफ्टवेअर तपासणारी ही पोर वर्षभर बसमध्ये ग्रीक अक्षरं गिरवत होती. मंडळात सगळे पिकल्या केसांचे जाणकार. त्यांच्यापुढे घासलेलं नाणं म्हणजे हसंच.

"शिव्या दे मले."

"देईन. आधी चहा टाकते."

सकाळी सुलेखाबाई न विचारताच गाडीत जाऊन बसल्या. "माझी चूक मीच सांगन." मग जरा वेळानं, "कोण होतं वं ते पोट्टं?"

"अंतिओकस, सहावा. सीरियाच्या गादीवर बसवला तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांचा. बसवला त्रिफॉन नावाच्या सेनापतीनं."

"अन् त्याची माय?"

"ती शत्रूची राणी झाली होती."

"मंग लेकराले जेवू कोण घालत होतं?"

गिरिजानं गाडीचा वेग कमी केला. "हे कुठल्याच पुस्तकात नाही, आई. नाण्यावर त्याच्या डोक्याभोवती देवासारखे किरण, आणि मागच्या बाजूला त्रिफॉनच्या नावाची अक्षरं. दोन-तीन वर्षांत पोर गेलं. मुतखडा काढताना गेलं, असं त्रिफॉननं सांगितलं. आणि मुकुट स्वतःच घातला."

"मेल्यानंच मारलं!"

"पुष्कळांना तसंच वाटतं."

सभागृहात सुलेखाबाई उठायच्या आत गिरिजा बोलायला लागली. इंग्रजी त्यांना कळे, बोलायला जीभ वळत नसे.

"काल हे नाणं माझ्या घरी घासलं गेलं. मी घरात कुणाला काही न सांगता ते कपाटात ठेवलं होतं. चूक माझी."

कुणीतरी फिसकन हसलं. पहिल्या रांगेतले आजोबा ओरडले, "ग्रँड, काही बिघडलं नाही! मी माझं पहिलं नाणं सोड्यात उकळलं होतं!" आता सगळेच हसले, पण गिरिजासोबत.

मग तिनं नाणं डबीतून बाहेर काढलं. "एरवी याला मी कुणाला बोट लावू दिलं नसतं. आता जपायला काळेपणा उरलाच नाही, घ्या हातात."

नाणं रांगांतून फिरू लागलं आणि तिनं त्या पोराची गोष्ट सांगितली, शेवटी तो जेवणाचा प्रश्नही विचारला. "हा माझ्या सासूबाईंचा," म्हणाली. कुणाचा तरी अंगठा चांदीतल्या गालावरच थबकला.

नाणं सुलेखाबाईंपर्यंत आलं. काल त्यांनी ते नुसतंच घासलं होतं. आज पाहिलं. गुबगुबीत गाल, कपाळावर बट. शेजारच्या आजोबांनी हात पुढे केला, तरी त्यांनी मूठ उघडली नाही.