शेवटी बसणारी

सुट्टीत दुपारी आमच्याकडे चिंचोके लावून पत्ते चालतात. खेळ उलटा आहे, ज्याची पानं सगळ्यात लहान तो जिंकतो. हातातली नको असलेली पानं एकदाच बदलून मिळतात. माझी थोरली काकू अशी जागा धरते, की तिची वेळ सगळ्यांच्या शेवटी यावी.

काल काकांनी दोन पानं बदलली, मी एक. काकू आमच्याकडे बघत म्हणाली, "मला नको बदलून." आणि तिने मूठभर चिंचोके पुढे सरकवले. आम्ही घाबरून पानं टाकली, डाव सोडला. मग बघितलं तर तिच्या हातात चक्क राजा.

"आमची पानं बरी नाहीत, हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवले गं. कोण किती मागून घेतो, त्यावरून त्याची भूक कळते."

पत्त्यांत ती शेवटची जागा मोक्याची असते. स्वयंपाकघरात ती कुणी आपणहून धरत नाही, तिथे बाईला बसवलेलं असतं.

संध्याकाळी मी हट्टाने काकूला पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढायला उभी राहिले. ती बसली खरी, पण घास हातातच राहिला. नजर आमटीच्या पातेल्यावर होती.

"तुला उरेल ना गं?" तिने विचारलं.