तांबड्या पुडीतला हिरवा रंग

गोवा घटकराज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पाळी गावातल्या आमच्या घरी एक भूशास्त्रज्ञ येऊ लागला. आमच्या विहिरीचं पाणी दर वर्षी हात-दोन हात खाली जात होतं. खाणवाले म्हणत, आमच्या खड्ड्याचा त्याच्याशी संबंध नाही. संबंध आहे की नाही, तेवढं शोधायला पंचायतीने त्याला बोलावलं होतं. आहे असं ठरलं तर खड्डा आणखी खोल नेणं थांबणार होतं.

माणूस कोल्हापूरकडचा. पूर्वी जहाजाने दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आलेला. हे कळल्यावर सासूबाईंनी त्याला सोप्यावर बसवून घेतलं.

"थंय कोण रावता?"

"कोणी नाही, आजी."

"मगे कित्याक गेल्लो?"

"बर्फाखाली काय आहे ते बघायला."

"किदें आसा?"

"खडक."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "फातर पळोवंक इतल्या पयस गेलो. हांगा फातर उणे आसात?"

तो हसला. मी चहा आणि पाव पुढे ठेवला आणि विचारलं, शोध लागतो त्या क्षणी कसं वाटतं.

"त्या क्षणी कळतच नाही, वहिनी. नंतर कधीतरी वही चाळताना कळतं."

मग त्याने पिशवीतून एक पुडी काढली. तांबडी पूड, पाण्यात पडली की हिरवी होणारी, अपाय काही नाही. विहीर वर, खड्डा खाली. विहिरीत ती टाकायची आणि खड्ड्यात पाझरतं त्या पाण्यावर लक्ष ठेवायचं. तिथे हिरवं दिसलं की प्रश्न मिटला.

सासूबाईंचं हसू गेलं. "हें उदक देवाक वता, पुता. तातूंत रंग घालचो न्हय."

ग्रामदेवाच्या अभिषेकाचं पाणी आमच्याच विहिरीचं. त्यात तोपर्यंत कोणी चूळही टाकली नव्हती.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा त्यांना," तो म्हणाला.

मी अकरावी शिकलेली. त्याचं म्हणणं मला नीट समजलं होतं. मी म्हटलं, "आई म्हणतात तसंच."

शेवटी उलटं करायचं ठरलं. रंग खड्ड्यात टाकायचा आणि लक्ष आमच्या विहिरीवर. "पाणी चढत नाही," तो म्हणाला, "पण अगदीच काही न करण्यापेक्षा बरं." माझ्याकडे घड्याळ होतं म्हणून बाटल्यांचं काम मला दिलं. दर दोन तासांनी एक भरायची, चिठ्ठीवर वेळ लिहायची, चिकटवायची. तीन दिवस मी ते केलं. स्वयंपाक, गुरं आणि बाटल्या.

सगळ्या बाटल्या स्वच्छ निघाल्या. त्याने त्या उजेडात धरून एकेक पाहिल्या आणि खोक्यात भरल्या. अहवालात लिहिलं गेलं, संबंध आढळला नाही. खाणवाल्यांनी तो कागद पंचायतीच्या फळ्यावर लावून घेतला. तो खोटा होता असं मला म्हणता येत नाही.

जाताना त्याने उरलेली पुडी माझ्याकडे दिली. "आजींचं मन बदललं तर टाका आणि मला कळवा." मी ती हळदीच्या डब्यामागे ठेवली. त्यानंतर दोनदा माझा हात तिच्यापर्यंत गेला. सासूबाई दुपारी झोपत, कोणी पाहिलं नसतं. मी टाकली नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात कळशी खाली आपटल्याचा आवाज आला आणि ती चिखल घेऊन वर आली. सासूबाई कठड्याला धरून बराच वेळ आत बघत होत्या. मग म्हणाल्या, "ती पुडी हाड गो."

मी पुडी आणली.

"घाल."

"पाणी नाही, आई. कशात घालू?"

मी पुडी पुन्हा डब्यामागे ठेवली. रस्त्यावर टँकर वाजला तशी कळशा घेऊन गेले. भरून आणल्यावर सासूबाईंनी त्यातली पहिली कळशी देवासाठी बाजूला काढली.