ओढ्याचं वळण

परळीतल्या आमच्या वस्तीत मेंढरवाल्या अक्कांना पत्ता विचारणं म्हणजे आपणहून संकट ओढवून घेणं. दवाखाना कुठे म्हटलं, की त्या सांगायच्या, "मोठ्या बांधावरून खाली उतर, खारीच्या अंगाला हाय." बांधावर कधीच मोबाइलची दुकानं आली होती आणि खारीच्या खारवट रानात मंगल कार्यालय उभं होतं. विचारणारा बिचारा मुकाट्याने फोन काढायचा.

मेंढरू एकही उरलं नव्हतं, नाव मात्र चिकटलेलं. पूर्वी शेतकरी खतासाठी त्यांची मेंढरं रानात बसवायचे, म्हणून प्रत्येक वावर ओळखीचं. पुढे नवरा गेला, मुलगा पुण्याला कंपनीत लागला. "मेंढरं इकली तवापासून घर खायला उठतंय, मास्तर," असं म्हणायच्या. मी भूगोलाचा मास्तर, शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारा आणि तसाच एकटा जेवणारा. त्यामुळे आमचं जमलं.

रोज संध्याकाळी थर्मल वीजकेंद्राची अंगावर उडालेली राख झटकून त्या नाल्याच्या वळणावरच्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन बसायच्या. त्यांची पहिली लेक तान्हेपणीच गेली होती. तान्ह्या लेकरांना पुरतात, तसं तिला ओढ्याच्या वळणावर पुरलं होतं. नंतर वर्षानुवर्षं कळपामागे फिरून त्या परतल्या, तर रान सपाट होऊन प्लॉट पडलेले आणि ओढ्याचा सिमेंटचा नाला झालेला. पण वळण होतं. त्यांनी तेच धरलं. जवळ कुणी हॉर्न वाजवला, की खेकसायच्या, "कावून बोंबलायलास? लेकरू निजलंय!"

एक दिवस त्या प्लॉटला तारेचं कुंपण पडलं. अक्का धावतच माझ्याकडे आल्या. वस्ती आधी कशी होती हे मुलांना दाखवायला मी गावाचा जुना नकाशा आणला होता, ते त्यांना माहीत होतं. "तेच्यात मपली जागा नीट दावा. पाया खंदायच्या आधी मूठभर माती घेऊन ठिवते."

आजची वस्ती मी पारदर्शक कागदावर उतरवून घेतली होती. तो कागद जुन्या नकाशावर ठेवला. मारुतीचं देऊळ जुळलं, विहीर जुळली. ओढा जुळेना. प्लॉट पाडताना तो बाजूला वळवला होता. त्याचं मूळचं वळण आताच्या मोठ्या चौकात, डांबराखाली होतं. मी तिथे बोट ठेवून अक्कांना ते सांगितलं.

मला वाटलं, अक्का रडतील, निदान नकाशाला चार शिव्या हासडतील. त्या कागदावरून नुसता हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी भलतीकडंच बसले व्हय? म्हंजी इतकी वर्सं तिच्यापाशी कुनीच न्हवतं, मास्तर."

दुसऱ्या दिवसापासून त्या चौकातल्या एका दुकानाच्या पायरीवर बसू लागल्या. समोरून ट्रक, रिक्षा, उसाचे ट्रॅक्टर कर्कश हॉर्न वाजवत जायचे. तिथे त्या कुणावरही खेकसल्या नाहीत. कुणाकुणाला गप्प करणार?

उन्हाळ्यात मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. रिक्षात बसताना त्यांनी माझा हात धरला. "येता-जाता तिच्याकडं बगत जावा," एवढंच बोलल्या. पुढच्या थंडीत त्या तिकडेच वारल्याचं कळलं. शेजारच्या दाराला कुलूप आहे. संध्याकाळी मला त्यांची फार आठवण येते.

शाळेच्या वाटेवर तो चौक लागतो. समोर कोण आडवं येतं, मागून कोण शिव्या घालतं. मी गाडी हळू करतो, थांबतो, पण हॉर्न वाजवत नाही.