पुढच्या गाडीचा हॉर्न

डोणगावच्या पलीकडे एका बरड माळावर गाड्या पळवायचा ट्रॅक झाला, आणि त्याचा सगळा कारभार मला मिळणार होता. हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी माझं काय पणाला लागलं होतं ते ठाऊक नसेल तर पुढचा सगळा तमाशा म्हणजे दोन तापट माणसांचं भांडण वाटेल. भांडण तर होतंच.

ट्रॅकच्या मालकाशी माझं पहिल्या फोनपासून जमलं नाही. बोलताना तो स्वतःच हसतो आणि समोरच्याने हसावं म्हणून थांबतो. महामार्ग जवळ आहे, तेव्हा नागपूरचे आणि संभाजीनगरचे शौकीन सुट्टीच्या दिवशी आपल्या महागड्या इलेक्ट्रिक गाड्या घेऊन येतील, पळवतील, वांग्याची भाजी-भाकर खाऊन जातील, असा त्याचा बेत होता. त्यांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. मी तेव्हा दक्षिणेत एका ट्रॅकवर हेच काम करत होते. हौशी माणसाच्या शेजारी बसायचं, गाडी वळणाबाहेर जाऊ लागली की ओरडायचं, आणि तो खाली उतरून "मीच सावरली" म्हणाला की मान डोलवायची. असल्या नोकरीत माणूस गोड राहत नाही. मी मुळातही नव्हते. शिवाय तिथे माझ्या डोक्यावर चार साहेब होते. इथे कुणी नसणार होतं. मला तो ट्रॅक हवा होता.

या गाड्यांबद्दल लोक जे बोलतात त्याने माझं डोकं फिरतं. इलेक्ट्रिक म्हटलं की त्यांना बाजारातून भाजी आणायची स्कूटर आठवते. पेट्रोलची वेगवान गाडी आधी गुरगुरते, गिअर बदलते, तुम्हाला सावध करते. ही पेडल दाबल्याबरोबर सगळी ताकद एकदम देते आणि मान मागे आदळते. त्यात बॅटरीचं वजन. सरळ रस्त्यावर ते कळत नाही. वळणाआधी ब्रेक दाबला की मागून दोन म्हशी ढकलतायत असं वाटतं. आवाज काय तो टायरचा आणि वाऱ्याचा. मला ती आवडते. तिच्यात एकटी बसले की कुणी माझ्याशी बोलत नाही, हेही एक कारण.

माझे वडील तिला मुकी गाडी म्हणत.

आमचं गाव उंद्री. थोडी शेती आहे, भाजीपाला होतो, पण बाबांची ओळख त्यावर नाही. ते पटातले माणूस. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत. शेतातली एक सरळ पट्टी, हलकी छकडी, बैलजोडी, आणि दोन्ही बाजूंना दोरामागे उभी गर्दी. जोडी कुणाचीही असो, शेवटाकडचा दोर बाबांच्या हातात. सुरुवातीकडून शिट्टी झाली की गर्दी मागे रेटायची. जोडी समोरून गेली की दोर खाली सोडायचा. मग सगळे पटात उतरतात आणि वेळ किती लागला ते ऐकायला जोडीमागे धावतात. जोडी गेली की पट लोकांचा. ती काही परत येत नाही. बाबांच्या दोरापाशी कधी कुणाला खरचटलंही नाही, म्हणून लांबलांबच्या गावांचे लोक त्यांना मुद्दाम बोलावून नेत. त्यांना दुसरा मान नव्हता आणि नकोही होता.

मी हे काम धरलं तेव्हापासून आमचं वाकडं. गाडी चालवणं हे त्यांच्या लेखी काम नव्हतं. तेही ठीक, पण पुढे पुढे तर त्यांनी बोलणंच तोडलं. मी फोन केला की "हाव. हाव. बरं. ठेवतो." मी काय सांगते आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. एकदा वळणावर गाडी भिंतीला लागली आणि माझं मनगट मोडलं. दवाखान्यातून फोन केला.

"बाबा, हात मोडला माहा."

"हाव. बरं झालं. ठेवतो."

त्यानंतर कित्येक महिने मी त्यांना फोन केला नाही. आईशी बोलायचे, त्यांचं नाव निघालं की विषय बदलायचे. घरी गेले तर ते टीव्ही मोठ्याने लावून बसलेले असत. मी काही विचारलं तरी नजर टीव्हीवरून काढत नसत. एवढा राग. मीही त्यांचीच मुलगी, मीही बोलणं टाकलं.

ट्रॅकच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी पोचले तर तिथे कुंपण नाही. नुसते खांब आणि दोर. चार्जिंगला वीज पुरत नव्हती म्हणून एक भलामोठा जनरेटर धडधडत होता. डिझेल जाळून विजेची गाडी भरायची, आणि फलकावर हिरवं पान काढलेलं. मी मालकाला गाठलं.

"जाळी कुठंय?"

"पुढच्या टप्प्यात. आज पटातली माणसं बोलावलीत ना! गर्दी त्यांच्यासारखी कोण सांभाळणार?" आणि हसला.

"पटात जोडी एकदाच जाते. इथे गाडी फिरून परत येते. पहिली गाडी गेली की आपले लोक आत उतरतील."

"मॅडम, लोक शिकलेत आता."

"कुठे?" मी विचारलं.

तो हसायचा थांबला. "तुम्हाला ट्रॅक पाहिजे ना?"

पाहिजे होता. दोरवाल्यांना मी स्वतः समजावीन, मगच गाड्या सुटतील, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. दात-ओठ खातच त्यांच्याकडे गेले. जनरेटरशेजारच्या सावलीत ते बसले होते, आणि मधोमध बाबा. गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडी, खांद्यावर इस्त्री केलेला दुपट्टा. मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"मालकानं बोलावलं म्हनून आलो," मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. "तुही मुकी गाडी पाहाले नाही आलो."

सगळ्यांना मिळून सांगितलं, पहिली गाडी गेली तरी दोर सोडायचा नाही. मागून दुसरी येते, मग पहिली फिरून येते. मी गाडीतून उतरेपर्यंत दोर वर.

"मंग लोकं आत कवा जातीन?" एकाने विचारलं.

"जायचंच नाही आत."

त्याला ते फारसं पटलं नाही, पण सगळ्यांनी माना हलवल्या.

"बाबा, समजलं?"

"हाव. बरं."

अगदी फोनवरचाच हाव. माझ्या अंगाची लाही लाही झाली. निदान ऐकलं तरी, असं म्हणून मी हेल्मेट घातलं.

पुढच्या गाडीत पुण्याचा एक चालक होता. कमी बोलायचा, म्हणून मला बरा वाटायचा. त्याच्यामागे बरंच अंतर ठेवून मी निघाले. डांबर नवं होतं, टायर घट्ट धरत होते, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन वळणांत मी मालकालाही विसरले. शेवटचं वळण एका टेकाडाच्या आडून येतं आणि मग सरळ पट्टा लागतो. सगळी गर्दी त्या पट्ट्यावर, आणि तोंडाशी दोर धरून बाबा.

टेकाडाआडून बाहेर पडले आणि पुढे रस्ता दिसेना. माणसंच माणसं. दोर जमिनीवर पडलेला. पहिली गाडी समोरून गेली होती, आणि बाबांनी जन्मभर सोडला तसा दोर सोडला होता.

मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. तळहात हॉर्नवर दाबला तो उचललाच नाही. लोकांनी हॉर्न ऐकला, कुणीतरी किंचाळलं, आणि सगळे दोन्हीकडे कोंबड्यांसारखे पांगले. मधोमध एक पाठ उरली. इस्त्रीचा दुपट्टा, बगलेत झेंडी. बाबा पुढे गेलेल्या गाडीकडे पाहत आरामात उभे होते. डावीकडे लोक, उजवीकडे लोक, गाडी वळवायला जागा नव्हती. हॉर्न वाजतच होता. ते वळले नाहीत.

गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि त्यांच्यात हातभर अंतर राहिलं होतं. कुणीतरी त्यांचा दंड ओढला. तेव्हा कुठे ते वळले, दचकून मागे सरले, आणि मग झेंडीची काठी त्यांनी बॉनेटवर हाणली.

मी उतरले. तोंड चालूच होतं. "दोर काऊन सोडला? सकायी सांगतलं होतं ना मी? लोकाइले मारता का? मले जेलात घालता?"

"हॉर्न काऊन नाही वाजवला वं?" ते माझ्याहून मोठ्याने गरजले. "बापाच्या अंगावर गाडी घालते?"

मी हेल्मेट काढलं.

एक भाजीवाला पुढे आला. "बाबा, वाजवला ना हॉर्न. आमी सगळ्याइनं आयकला. तुमाले नाही आयकू आला?"

बाबा त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. मग शेजारच्याच्या, मग माझ्या. प्रत्येकाच्या ओठांवरून काहीतरी वेचायला पाहत होते. बाबा घाबरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मग मला सगळंच कळलं. फोनवरचा हाव, मोठा टीव्ही, "बरं झालं". त्यांना ऐकूच येत नव्हतं. पटात ते शिट्टीवर नव्हे, धुळीवर काम भागवत होते. जोडी सुटली की मातीचा लोट उठतो, तो पाहून गर्दी मागे रेटत होते. डांबरावर धूळ उठत नाही.

मालक धापा टाकत आला. "काय झालं? बुढा बहिरा आहे का?" त्याने मला विचारलं, बाबांना नाही.

मी हो म्हटलं असतं तर ट्रॅक माझा होता. आणि ते खरं होतं. पण मग त्या गर्दीतून ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक पटापर्यंत गेली असती, आणि हा माणूस ती प्रत्येक पाहुण्याला हसून सांगत बसला असता. बाबांशी भांडण माझं होतं. त्यात या लोकांनी तोंड घालायचं काही कारण नव्हतं.

"तो हॉर्न पुढच्या गाडीचा," मी म्हणाले. "मी वाजवला नाही. घाबरले, राहून गेलं."

पुण्याच्या चालकाने आरशात गोंधळ पाहून गाडी पुढेच थांबवली होती, तो चालत तिथे पोचला होता. त्याने हॉर्नला हातही लावला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "माझाच."

मालकाने हात पुढे केला. "चावी द्या, मॅडम." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सख्ख्या बापाला हॉर्न देता येत नाही आणि ही लोकांना शिकवणार!"

लोक हसले. आत्ताच जीव वाचलेले लोक, तेच हसले. हसणं कुणावर आहे ते बाबांना दिसलं, आणि त्यांचा रंग परत आला. "पह्यलेच सांगत होतो," त्यांनी झेंडी हलवत ऐकवलं. "गाडी मुकी, अन् चालवनारी हेकट." मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर सगळं बोलून बसले असते.

ते त्यांच्या माणसांबरोबर पिकअपमधून उंद्रीला परत गेले. मी मागून एसटीने घरी पोचले आणि आधी आईला धरलं.

"तुले मालूम होतं?"

"मालूम होतं," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "त्याइनं शपथ घातली होती. अन् तुले सांगतलं असतं तं तू गावभर वरडली असती."

तिच्यावरही ओरडले. मग आत गेले, टीव्ही बंद केला आणि बाबांच्या समोर स्टूल ओढून बसले. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. म्हटलं, पटात लेकरंबाळं असतात, दोरापाशी उभी राहतात. यापुढे तुम्ही दोर धरला तर मी स्वतः येऊन सगळ्यांना सांगीन. सावकाश, एकेक शब्द तोडून बोलले. ते माझ्या तोंडावरून नजर न काढता बसले होते.

"वरडू नोको," शेवटी ते म्हणाले. "आयकू येते मले."

मी आवाज काढलाच नव्हता. नुसते ओठ हलवले होते. त्यांना तसं सांगितलं नाही, उठले आणि टीव्ही पुन्हा लावून दिला.

यंदा पटाचं बोलावणं आलं तेव्हा बाबा गेले नाहीत. आलेल्या माणसांना ओट्यावर बसवून, चहा पाजून त्यांनी सांगितलं, "पोट्टीनं अंगावर गाडी घातली, तवापासून कंबर धरते. दोर वढनं होत नाही आता." त्यांच्या कंबरेला काहीही झालेलं नाही. रोज सकाळी शेतात चालत जाऊन येतात. गावात माझं नाव बापाला चिरडणारी असं पडलं आहे, आणि लग्नकार्यात बायका ते माझ्या तोंडावर विचारतात. मी कंबरेचंही कबूल करते.

मी परत दक्षिणेत, त्याच चार साहेबांच्या हाताखाली आहे. राग गेलेला नाही. एवढी वर्षं त्यांनी मला त्यांचा राग खरा वाटू दिला, याचा जास्तच आहे. आता साधा फोन करत नाही, व्हिडिओ कॉल लावते आणि तोंड कॅमेऱ्याजवळ धरते. ते डोळे बारीक करून पाहतात. दर वेळी पहिला प्रश्न तोच असतो.

"हॉर्न वाजवून राह्यली का आता?"

"हाव," मी म्हणते. "हाव. बरं. ठेवते."